अंतराचं भाडं

रोजंदारीवरच्या माणसाला मजूर अड्ड्यावर सकाळी सहाला पोचावं लागतं. मुकादम येतो, माणसं निवडतो, टेम्पोत बसवतो आणि सातपर्यंत अड्डा रिकामा होतो. साडेसातला येणाऱ्याचा दिवस बुडाला. त्यामुळे हा माणूस रात्री कुठे पाठ टेकणार, हे अड्डाच ठरवतो. नाल्याचा काठ असो की पत्र्याची खोली, तो पत्करतो, कारण तिथून अड्डा पायी वीस मिनिटांवर असतो. धुणीभांडी करणाऱ्या बाईचं गणित याहून बारीक. तिला चार घरची कामं, आणि मधल्या तासाभरात घरी येऊन मुलांना जेवायला घालायचं. चारही घरं आणि तिची खोली चालत दहा-पंधरा मिनिटांच्या परिघात असली, तरच तिचा दिवस जुळतो.

शहरातल्या गरिबीवर धोरण आखायला बसलेल्यांच्या नजरेत आधी भरतो तो पत्रा. वस्ती वाईट दिसते, म्हणून चांगली घरं बांधायची, आणि ती स्वस्त जमिनीवर बांधायची, म्हणजे तेवढ्याच पैशात जास्त कुटुंबांना मिळतील. हा हिशेब कागदावर चोख आहे. पण स्वस्त जमीन स्वस्त असते ती कामधंद्यापासून लांब असते म्हणूनच. सरकारने वाचवलेला तो पैसा कुटुंब पुढची वीस वर्षं बसभाड्यात, बुडालेल्या रोजंदारीत आणि मोडलेल्या ओळखींत फेडत राहतं. माझ्या मते शहरांच्या गृहधोरणातली सर्वांत महाग चूक हीच आहे, आणि ती पुन्हा पुन्हा होते, कारण हा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

मेक्सिकोत ही चूक फार मोठ्या प्रमाणावर झाली. २००० नंतरच्या दशकात तिथे पगारातून हप्ता कापून घेणाऱ्या सरकारी गृहकर्जांच्या जोरावर लाखो घरं उभी राहिली. बिल्डरांनी शहराबाहेरच्या शेतजमिनी घेतल्या आणि एकसारख्या छोट्या घरांच्या रांगाच्या रांगा बांधल्या. कर्ज मिळत होतं, घर नवं होतं, कागद पक्के होते. २०१०च्या जनगणनेत देशात सुमारे ५० लाख घरं रिकामी निघाली, म्हणजे साधारण सात घरांमागे एक. सगळीच काही या योजनांतली नव्हती, पण शहरांच्या कडेच्या नव्या वसाहतींत ओसाड रांगा उघड दिसत होत्या. लोकांनी घर घेतलं, कामावर जाण्यायेण्यात रोजचे तीन-चार तास घालवून पाहिले आणि शेवटी कुलूप लावून ते जुन्या भाड्याच्या खोलीकडे परतले. हप्ता मात्र पगारातून कापला जातच राहिला.

अहमदाबादमध्ये याच प्रश्नाची जवळजवळ प्रयोगशाळेसारखी तपासणी झाली. १९८०च्या दशकात काही कष्टकरी बायकांना सोडतीने घरं मिळाली, तीही शहरापासून सुमारे १२ किलोमीटरवर. सोडत असल्यामुळे जिंकणाऱ्या आणि हरणाऱ्या कुटुंबांत आधी काहीच फरक नव्हता. चौदा वर्षांनी अभ्यासकांनी दोघांची तुलना केली, तेव्हा जिंकणाऱ्यांचं घर चांगलं होतं. पण उत्पन्नात किंवा मुलांच्या परिस्थितीत फरक पडलेला नव्हता. जवळपास एक तृतीयांश कुटुंबं तिथे राहायला गेलीच नव्हती आणि तितकीच जाऊन परत फिरली होती. जी टिकली त्यांची नातेवाईक आणि जातभाईंशी असलेली ये-जा तुटली होती. आजारपणात हातउसने कोण देणार, मूल कोण सांभाळणार, कुठे काम निघालंय हे कोण सांगणार, हे सगळं जुन्या गल्लीत राहिलं.

याउलटचा पुरावाही आहे, आणि तो तितकाच महत्त्वाचा आहे. अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात बॉल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांत सरकारी वसाहतींतल्या सुमारे ४,६०० कुटुंबांची सोडत काढली गेली. एका गटाला जे भाडे-अनुदान मिळालं, ते गरिबीचं प्रमाण १० टक्क्यांपेक्षा कमी असलेल्या वस्तीतच वापरता येत होतं. मोठ्यांच्या कमाईत फरक पडला नाही, तब्येत मात्र सुधारली. पण तेराव्या वर्षाआधी नव्या वस्तीत गेलेली मुलं पंचविशीत आली, तेव्हा त्यांची कमाई तुलनेच्या गटातल्या मुलांपेक्षा ३१ टक्क्यांनी जास्त होती. वयाने मोठ्या मुलांना फायदा झाला नाही. उलट थोडं नुकसानच दिसलं. तेव्हा माणसांना हलवूच नये, असा निष्कर्ष काढता येत नाही. हलवताना पुढचा पत्ता कुठला, आणि जाणाऱ्याचं वय काय, यावर सगळं अवलंबून आहे.

म्हणून एखादी पुनर्वसनाची जागा ठरवण्याआधी अंतर मोजायला हवं, आणि ते नकाशावरच्या सरळ रेषेत मोजून चालत नाही. घरापासून थांब्यापर्यंतचं चालणं, गाडीची वाट पाहणं, प्रत्यक्ष प्रवास, गाडी बदलणं आणि पुन्हा चालणं, हे सगळं धरून एका बाजूचा वेळ काढायचा. तोही पहाटेच्या पहिल्या गाडीचा आणि रात्रीच्या शेवटच्या गाडीचा वेगळा, कारण साफसफाई, बाजार, हॉटेल आणि पहाऱ्याची कामं त्याच वेळांना सुरू होतात आणि संपतात. पहिली गाडी साडेसहाची असेल, तर पाचच्या पाळीचा माणूस त्या वसाहतीत राहूच शकत नाही. दिवसा दर दहा मिनिटांनी गाडी असली तरीही. बायकांचा प्रवास तर पुरुषांसारखा घर ते काम आणि काम ते घर असा नसतोच. शाळा, रेशन, दवाखाना, काम, पुन्हा शाळा असे छोटे तुकडे असतात. प्रत्येक तुकड्याला वेगळं तिकीट लागलं, की कमी अंतरासाठी तिला पुरुषापेक्षा जास्त पैसे मोजावे लागतात. ठरावीक वेळात कितीही गाड्या बदलता येतील असं एकच तिकीट, ही छोटी वाटणारी सुधारणा म्हणूनच गरीब बायकांसाठी फार मोठी असते. तिकिटाचा दर तोच ठेवून फक्त नियम बदलायचा.

चांगल्या जागेवरची जमीन महाग असते आणि पैसा मर्यादित असतो. मग करायचं काय? चिलीतल्या इकिके शहरात २००३-०४ साली याला एक धीट उत्तर दिलं गेलं. शहराच्या मध्यभागी अर्ध्या हेक्टरवर सुमारे शंभर कुटुंबं तीस वर्षं बेकायदा राहत होती. सरकारी अनुदान प्रत्येक कुटुंबामागे ७,५०० डॉलर, आणि त्यातच जमीन, नळ-गटारं आणि बांधकाम बसवायचं. गरिबांच्या अनुदानित घरांसाठी एरवी जी जमीन परवडते, तिच्या तिपटीने ही महाग होती. वास्तुविशारद आलेहांद्रो अरावेना यांच्या गटाने जागा सोडली नाही, घर अर्धं केलं. सुरुवातीला साधारण ३६ चौरस मीटर बांधून दिले, आणि शेजारी तेवढीच मोकळी पोकळी ठेवली. तिथे कुटुंबाने सवडीने, स्वतःच्या पैशाने उरलेलं घर पूर्ण करायचं. यातला कळीचा निर्णय होता कोणतं अर्धं बांधायचं हा. जे एकट्या कुटुंबाला नीट जमत नाही ते आधी: पाया आणि सांगाडा पूर्ण घराच्या भाराचा, स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिना, दोन घरांमधल्या भिंती. खोली वाढवणं लोकांना जमतं. भूकंपात टिकणारा सांगाडा उभारणं, सांडपाण्याचा उभा नळ बसवणं हे नंतर जमत नाही.

ज्या वस्त्या आधीच कामाच्या जवळ आहेत, त्या आहेत तिथेच सुधारणं हा सगळ्यांत स्वस्त आणि बहुतेकदा सगळ्यांत शहाणा मार्ग. जाकार्तात १९६९पासून कांपुंग, म्हणजे शहरातल्या दाट जुन्या वस्त्या, सुधारण्याच्या कार्यक्रमात हेच झालं: पायवाटा, गटारं, नळ, संडास, आणि घरांना हात लावायचा नाही. पण हे काम वरून सोपं दिसलं, तरी त्यातल्या चुका जमिनीखाली गाडल्या जातात आणि पाचव्या वर्षी वर येतात.

पहिली चूक क्रमाची. गल्लीत आधी फरसबंदी होते, कारण ती फोटोत दिसते आणि निवडणुकीआधी संपते. मग सांडपाण्याच्या नळासाठी ती फोडतात, नंतर पाण्याच्या नळासाठी पुन्हा. क्रम खोलीप्रमाणे असायला हवा: सगळ्यांत खाली सांडपाणी, त्याच्या वर आणि शक्य तेवढी बाजूला पाण्याची वाहिनी, मग पावसाच्या पाण्याचं गटार, आणि शेवटी फरसबंदी. पाणी आणि सांडपाणी एकाच चरात शेजारी टाकलं, की पैसे वाचतात, पण जिथे पाणी दिवसातून दोनच तास येतं तिथे ही बचत जीव घेते. नळाला पाणी नसतं तेव्हा वाहिनीतला दाब पडतो, आणि सांध्याला फट असेल तर शेजारचं घाण पाणी आत ओढलं जातं. पुढच्या वेळी नळ सुटला की पहिल्या बादलीत तेच येतं. कावीळ आणि हगवणीच्या साथी अशा गल्ल्यांतून निघतात. पाणी चोवीस तास आलं तर दाब टिकतो आणि हा धोका बराच कमी होतो; सतत पाणीपुरवठ्याकडे निव्वळ सोय म्हणून पाहणं चूक आहे ते याचमुळे.

दुसरी चूक उताराची. शंभर मिलिमीटर व्यासाच्या सांडपाण्याच्या नळाला साधारण साठ फुटांमागे एक फूट उतार लागतो, दीडशेच्या नळाला शंभरामागे एक. त्याहून सपाट नळात पाणी निघून जातं आणि मैला मागे राहतो. सपाट जमिनीवर लांब गल्ली असेल, तर शेवटच्या टोकाला नळ इतका खोल जातो की तो मुख्य वाहिनीच्याही खाली उतरतो, आणि हे खोदल्यावर कळून उपयोग नसतो. म्हणून कुदळ लावण्याआधी मुख्य वाहिनीची खरी पातळी मोजायची, आणि तिथून मागे मोजत गल्लीपर्यंत यायचं. तिसरी चूक जोत्याची. दर पाच वर्षांनी गल्लीवर जुना थर न काढता नवा थर पडतो, रस्ता वितीवितीने चढतो, आणि एका पावसाळ्यात घराचा उंबरा रस्त्याच्या खाली गेलेला असतो. कंत्राटात ‘जुना थर खरवडून’ एवढे तीन शब्द नसले, की शंभर घरांत पाणी शिरतं.

कराचीच्या ओरंगी वस्तीत १९८० साली अख्तर हमीद खान यांनी सुरू केलेलं काम या बाबतीत अजूनही शिकण्यासारखं आहे. त्यांनी कामाचे दोन भाग केले. घरातला संडास, गल्लीतली वाहिनी आणि गल्ल्या जोडणारी वाहिनी हा आतला भाग लोकांनी स्वतःच्या पैशाने आणि देखरेखीखाली करायचा. मुख्य वाहिनी आणि शुद्धीकरण हा बाहेरचा भाग सरकारचा. कामाचं एकक होतं गल्ली, वीस-तीस घरांची. कारण तेवढ्या घरांत कोणी पैसे दिले नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं आणि एकमेकांवर विश्वासही असतो. गल्ली आपला प्रमुख निवडायची, तो वर्गणी गोळा करायचा. खान यांची संस्था पैसे हाताळत नव्हती. ती मोजणी, नकाशा, खर्चाचा अंदाज, साचे आणि अवजारं द्यायची. ठेकेदाराचा नफा आणि अवाढव्य चेंबरचे आराखडे वगळले, की खर्च कुटुंबाच्या आवाक्यात आला. सुरुवातीला काँक्रीट कच्चं राहिलं, कारण मिश्रण नीट होत नव्हतं आणि लोक नंतर पुरेसं पाणी मारत नव्हते. ते शिकवावं लागलं. आणि सगळ्यांत मोठी अडचण शेवटी सरकारच्या वाट्यालाच आली. गल्ल्यांनी आपलं काम केलं, पण मुख्य वाहिन्या नव्हत्या, म्हणून सांडपाणी नैसर्गिक नाल्यांत सोडावं लागलं. लोकसहभागाचं कौतुक करणाऱ्यांनी हा भाग विसरू नये. गल्लीतली माणसं मुख्य वाहिनी आणि शुद्धीकरण केंद्र बांधू शकत नाहीत.

जमिनीवरच्या हक्काबद्दल एक समज फार पसरलेला आहे: मालकीचा कागद दिला, की बँका कर्ज देतील आणि गरीब उद्योजक होतील. पेरूमध्ये १९९६पासून शहरी वस्त्यांत १२ लाखांहून अधिक घरांना कागद दिले गेले. कर्जाचा पूर फारसा आला नाही. पण दुसरंच काहीतरी घडलं. कागद मिळालेल्या घरांतली माणसं घराबाहेर जास्त तास काम करू लागली. आधी कोणी ना कोणी घर राखत बसत असे. जागा सोडली तर दुसरा शिरेल ही भीती होती. अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सच्या कडेला, सोलानो भागात १९८१ साली लोकांनी व्यापलेल्या जमिनीचीही अशीच गोष्ट. पुढे कायदा झाला, काही मूळ मालकांनी भरपाई घेतली, काही कोर्टात गेले, आणि त्यामुळे शेजारशेजारच्या सारख्याच कुटुंबांपैकी काहींना कागद मिळाले, काहींना नाहीत. कागदवाल्यांनी भिंती-छपरं सुधारली, त्यांची मुलं जास्त शिकली. कर्जात फरक किरकोळ. उद्या कोणी उठवणार नाही, एवढी खात्रीच माणसाला घरात पैसे घालायला पुरते, आणि ती खात्री द्यायला दरवेळी पूर्ण मालकीच लागते असंही नाही. थायलंडमध्ये २००३पासून बान मानकोंग योजनेत वस्तीची सहकारी संस्था जमीन एकत्र विकत किंवा दीर्घ भाडेपट्ट्याने घेते आणि कर्जही संस्थेच्या नावावर असतं. त्याआधी कुटुंबांनी कर्जाच्या १० टक्के बचत दाखवायची. सामूहिक हक्कामुळे एखाद्या अडलेल्या कुटुंबाला दलाल पटकन विकत घेऊ शकत नाही. त्याची दुसरी बाजू म्हणजे एकाचा हप्ता थकला, तर भार सगळ्यांवर येतो, म्हणून बचतीची सवय आधी आणि कर्ज नंतर.

हाच क्रम बेघरांच्या बाबतीत फिनलंडने उलटा केला, आणि तो बरोबर ठरला. तिथे २००८च्या कार्यक्रमापासून रात्रनिवाऱ्यांचे स्वतंत्र छोट्या घरांत रूपांतर होत गेलं, भाडेकरार माणसाच्या स्वतःच्या नावावर. दारू सोडा, उपचार घ्या, मग घर, अशी अट नाही. आधी किल्ली आणि पत्ता, मग त्याच इमारतीत मदतनीस. पुढच्या दीड दशकात दीर्घकाळ बेघर असलेल्यांची संख्या निम्म्याहून कितीतरी खाली आली. पत्ता नसलेल्या माणसाला औषधाची वेळ पाळायला सांगणं निष्फळ असतं. गोळ्या ठेवायच्या कुठे?

घर बांधलं, माणसं राहायला आली, की प्रकल्प संपला असं मानलं जातं. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात गरिबांसाठी बांधलेल्या प्रुइट-आयगो या सरकारी वसाहतीचं पुढे जे झालं, त्याचं खापर बरीच वर्षं तिच्या रचनेवर फोडलं गेलं. अकरा मजल्यांच्या ३३ इमारती, २,८७० घरं, लोक राहायला आले १९५४पासून, आणि १९७२ साली त्या पाडायला सुरुवात झाली. लिफ्ट पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यावरच थांबायची, ही रचनेतली चूक खरीच. पण मूळ रोग हिशेबात होता. केंद्र सरकार बांधकामाचे पैसे देत होतं, देखभाल मात्र भाडेकरूंच्या भाड्यातून करायची होती. शहर तर रिकामं होत होतं: १९५०ला साडेआठ लाखांवर असलेली लोकसंख्या १९७०ला सव्वासहा लाखांच्या आत आली. बरी कमाई असलेली कुटुंबं उपनगरांत गेली, घरं रिकामी पडली, भाडं घटलं, म्हणून देखभाल घटली, म्हणून आणखी लोक गेले. उरलेल्यांवर भाडेवाढ लादली, तेव्हा १९६९ साली भाडेकरूंनी भाडं देणंच थांबवलं. त्याच वर्षी देशभरात सरकारी घरांचं भाडं उत्पन्नाच्या २५ टक्क्यांवर नेऊ नये असा कायदा झाला, आणि तुटीसाठी केंद्राला देखभालीचं अनुदान सुरू करावं लागलं. पंधरा वर्षं उशिरा.

कुठल्याही उंच इमारतीत गरिबांना घर देताना हा हिशेब पहिल्या दिवशी मांडावा लागतो. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, टाकीची सफाई, गच्चीची गळती. झोपडीत यातला एकही खर्च नव्हता. पंप बंद पडला की सातव्या मजल्यावरची म्हातारी घागर घेऊन जिन्यात दिसते, आणि वर्षभरात ते घर भाड्याने गेलेलं असतं. यावर धर्मादाय भाषणं नकोत. बांधकामाच्या खर्चातूनच बाजूला काढलेला कायमचा देखभाल निधी हवा, किंवा तळमजल्यावरची दुकानं संस्थेच्या नावावर, म्हणजे त्यांचं भाडं इमारतीला लागेल. आणि जिथे जमतं तिथे तीन-चार मजलेच बांधावेत. लिफ्ट नसेल, तर ती बंद पडण्याचा प्रश्नच उरत नाही.

हे सगळं करायला पैसा कुठून येतो? माझं उत्तर जमीन. शहरातली जमीन महाग होते ती मालकाच्या कष्टाने होत नाही. रेल्वे, पाणी, रस्ता, जवळची माणसं यांच्यामुळे होते. ही वाढ शहराची आहे, आणि तिचा वाटा शहराने मागायला संकोच करू नये. व्हिएन्ना शहराने १९२३ साली, शहराचा अर्थकारभार पाहणाऱ्या ह्यूगो ब्राइटनर यांच्या काळात, गृहकर लावला. लहान घराला नाममात्र, आलिशान घराला जबर. सर्वांत महागड्या अर्ध्या टक्का घरांकडून जवळपास ४५ टक्के रक्कम येत होती. त्या पैशावर १९३४पर्यंत साठ हजारांहून अधिक घरं बांधली गेली. शहर आजही सुमारे दोन लाख वीस हजार घरांचं मालक आहे, १९८४ सालापासून जमीन आधी घेऊन ठेवणारी वेगळी संस्था चालवतं, आणि २०१९पासून नव्याने निवासी ठरवलेल्या मोठ्या जमिनींवर दोन तृतीयांश क्षेत्र अनुदानित घरांसाठी राखतं. या नियमामुळे मोकळ्या जमिनीचा भाव चढण्याआधीच बसतो. विकणाऱ्यालाही ठाऊक असतं की यातून किती निघेल.

सिंगापूरचा मार्ग जास्त कठोर होता. १९६६च्या कायद्याने सरकारला जमीन सक्तीने घेता येऊ लागली, आणि पुढे बरीच वर्षं भरपाई नोव्हेंबर १९७३च्या भावावर गोठवलेली होती. त्यातून देशातल्या बहुसंख्य लोकांना सरकारी घरं मिळाली हे खरं. पण हा कायदा उचलून दुसरीकडे लावणाऱ्यांनी उरलेला अर्धा भागही उचलावा. तिथे घेतलेल्या जमिनीवर खरोखर घरं झाली, आणि ती सामान्यांना मिळाली. जिथे तशी खात्री नाही, तिथे स्वस्तात भूसंपादन म्हणजे छोट्या शेतकऱ्याच्या खिशातून मोठ्या बिल्डरच्या खिशात, एवढंच.

कोलंबियात १९९७च्या कायद्याने शहरी निर्णयामुळे वाढलेल्या किमतीचा ३० ते ५० टक्के वाटा नगरपालिकेला मिळतो: ग्रामीण जमीन शहरी झाली, वापर बदलला किंवा जास्त बांधकामाची परवानगी मिळाली तर. कल्पना उत्तम, अडचण मोजणीची. ‘आधीची’ किंमत किती आणि ‘नंतरची’ किती, यावर मूल्यांकन करणारे आणि वकील वर्षानुवर्षं भांडतात. ब्राझीलमधल्या साओ पावलोने हा वाद बाजूला सारला. जादा बांधकामाच्या हक्कांची प्रमाणपत्रं काढून तिथे २००४पासून लिलाव होऊ लागला. किंमत बोली लावणाऱ्यांनीच ठरवावी. तिथेही एक गाठ आहे. जमलेला पैसा त्याच भागात खर्च करायचा नियम आहे, आणि बोली तर आधीच श्रीमंत भागांतच लागते. ज्या शहराला हे करायचं असेल, त्याने पैशाचा ठरावीक हिस्सा शहराच्या दुसऱ्या टोकाला जाईल, असं पहिल्याच ठरावात लिहावं. आणि मेट्रोचा मार्ग जाहीर करण्याआधी स्थानकाजवळची जमीन घ्यावी किंवा आरक्षित करावी. जाहीर झाल्यावर घेतली, तर शहराला स्वतःच्याच निर्णयाची किंमत मोजावी लागते.

या सगळ्यात एक माणूस सारखा निसटतो, तो भाडेकरू. वस्ती सुधारली, रस्ता आला, कोलंबियातल्या मेदेयीन शहरासारखी डोंगरावर दोरगाडी आली, की खोलीचं भाडं वाढतं. घराच्या मालकाला, मग तो झोपडीचाच का असेना, सुधारणेचा फायदा होतो. भाडेकरू आणखी लांब जातो. तो सर्वेक्षणातही सापडत नाही, कारण सर्वेक्षण दुपारी होतं आणि दारांची संख्या मोजतं. एका दारामागे तीन चुली असतात. मोजणी पहाटे किंवा रात्री व्हावी, आणि चूल मोजावी. पोटमाळ्यावर राहणाऱ्याचं नावही त्याच पानावर लिहावं, नाहीतर पात्र-अपात्र यादीच्या दिवशी तो अस्तित्वातच नसतो.

भाडे गोठवणं हा सरळ वाटणारा उपाय याला पुरत नाही. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९९४ साली छोट्या जुन्या इमारतींना भाडेनियंत्रण लागू झालं. त्यांतले भाडेकरू आपल्या जागी जास्त टिकले, ही मोठीच गोष्ट. पण त्या इमारतींच्या मालकांनी भाड्याच्या घरांचा पुरवठा १५ टक्क्यांनी कमी केला, कोणी घरं विकून, कोणी इमारत पाडून नव्याने बांधून, आणि शहरभरातली भाडी सुमारे ५ टक्क्यांनी चढली. आज राहणाऱ्याचं रक्षण झालं, उद्या येणाऱ्याने त्याचे पैसे भरले. भाडेवाढीवर वाजवी मर्यादा, विनाकारण काढून टाकण्यावर बंदी, आणि त्याच्या बरोबरीने नवी भाड्याची घरं, असं तिन्ही एकत्र करावं लागतं. ऑकलंडने २०१६ साली निवासी जमिनीच्या जवळपास तीन चतुर्थांश भागावर जास्त घरं बांधायला मुभा दिली, आणि बांधकाम परवानग्या काही वर्षांत दुप्पट झाल्या. तिथे कुठली भव्य योजना नव्हती, एका जागी तीन घरं बांधायला असलेली मनाई काढली, इतकंच.

उद्या येणाऱ्याचा विचार करताना जाकार्ताच्या बाबतीत पुढे जे दिसलं, तेही मांडायला हवं. सुधारलेल्या कांपुंगांत लोक टिकले, पण शहराच्या मध्यभागी त्या जमिनीचा भाव शेजारच्यापेक्षा कमी राहिला आणि उंच इमारती कमी झाल्या. छोट्या, वेड्यावाकड्या तुकड्यांची गुंतागुंत कायम राहिली. आज राहणाऱ्यांसाठी मी तरीही हीच किंमत मोजावी म्हणेन. पण पुढच्या वीस वर्षांत येणाऱ्यांसाठी वस्ती दाटण्याआधीच जमीन आखून ठेवणं कितीतरी सोपं आहे.

ही कल्पना जुनी आहे. १९७०च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जांतून अनेक शहरांत आखलेले भूखंड दिले गेले: रस्ता, नळ, गटार, क्वचित संडासाचा ओटा, घर ज्याचं त्याने बांधायचं. मद्रासमध्ये १९७७च्या प्रकल्पातून अरुंबाक्कम, विल्लिवाक्कम, कोडुंगैयूर अशा भागांत, आणि मुंबईत पुढच्या दशकात चारकोपला. सुरुवातीचे अहवाल निराश करणारे होते. भूखंड ओस दिसत होते, घरं सावकाश चढत होती, जागा लांब होती, काही तुकडे बऱ्या कमाईच्या लोकांनी विकत घेतले होते. पुढे निधीच आटला. वीस-पंचवीस वर्षांनी अभ्यासक तिथे परत गेले, तेव्हा शहर त्या भागांपर्यंत येऊन पोचलं होतं. घरांवर मजले चढले होते, खाली दुकानं होती, शाळा भरलेल्या होत्या. भूखंड मुद्दाम वेगवेगळ्या मापांचे ठेवले होते, त्यामुळे एकाच रस्त्यावर वेगवेगळ्या कमाईची माणसं राहत होती.

टांझानियातही त्याच काळात सात शहरांत दोन्ही गोष्टी झाल्या. कुठे आधीच्या वस्त्या सुधारल्या, कुठे मोकळ्या जमिनीवर रस्ते आखून भूखंड दिले. आता उपग्रहाच्या छायाचित्रांत दोन्ही शेजारी दिसतात. सुधारलेल्या वस्त्यांतून रस्ते पुन्हा अरुंद होत गेले आहेत. दुसऱ्या भागात माणसं यायच्या आधी जमिनीवर मारलेल्या रेघा अजून सरळ आहेत, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना चांगली छपरं आहेत.